पॉइंटवरचा ‘फुकट’ मुक्काम : १३,६८८ रुपये फक्त

लेथवाल्याचा पोर

गेल्या महिन्यात आई-बाबांना मुंबईत एका पंचतारांकित हॉटेलात दोन रात्री ठेवून आणलं. खोलीचं भाडं हॉटेलच्या पॉइंटांवर (त्या साखळीत राहिलं की सभासदाच्या खात्यात जमतात ते) भागवलं. तेव्हापासून गल्लीत मी ‘फुकटात फाइव्ह स्टार’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि दिवसाआड कुणीतरी अडवून विचारतं, आम्हाला पण सांग की. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा इथंच लिहितो. फुकट काही नव्हतं, आकडा वर शीर्षकात दिलाच आहे.

मी कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मार्केटिंगला आहे. चाकण, होसूर, चेन्नई अशा चकरा असतात. बऱ्याच रात्री साध्या लॉजवर जातात, पण वर्षाला बारा-चौदा रात्री मॅरियटच्या साखळीतल्या हॉटेलांत होतात, कारण मोठे ग्राहक तिथेच बैठका लावतात. पहिल्याच वेळी काउंटरवरच्या मुलीनं बॉनव्हॉयचं, म्हणजे मॅरियटच्या सभासद योजनेचं, खातं उघडून दिलं होतं. मी सही करून विसरून गेलो. चार वर्षांनी बघतो तर कार्डाचे धरून ४१ हजार पॉइंट.

कार्ड म्हणजे एचडीएफसीचं मॅरियट बॉनव्हॉय क्रेडिट कार्ड. वर्षाची फी ३,००० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ३,५४०. त्याबदल्यात १५ हजार पॉइंटांपर्यंतच्या खोलीची एक रात्र मिळते. खोली त्याहून महाग असेल तर आपल्या खात्यातले आणखी पॉइंट एका मर्यादेपर्यंत वर घालता येतात.

आता पॉइंटच का, ते सांगतो. बाबांनी उद्यमनगरात एकोणतीस वर्षं लेथ चालवला. लग्नाच्या चाळीसाव्या वाढदिवसाला सतरा हजारांची खोली घेतो म्हटलं असतं तर मला घराबाहेर झोपायची वेळ आली असती. म्हणून उलटीकडून गेलो. म्हटलं, पॉइंट पडून आहेत, वापरले नाहीत तर बुडतात. बाबांना पैसा खर्चलेला खपत नाही, पण मिळालेलं वाया गेलेलं त्याहून खपत नाही. ‘मग घालवतोस कशाला?’ म्हणाले आणि स्वतःच गाडीचं वेळापत्रक काढून बसले. (खरं तर बुडणार नव्हते. खात्यात २४ महिने काहीच हालचाल झाली नाही तरच ते जातात. हे बाबांपर्यंत पोचवू नका.)

ज्या तारखा हव्या होत्या त्या दिवशी खोलीचा रोख दर १४,५०० होता, १८ टक्के जीएसटी धरून १७,११०. पॉइंटांत पहिली रात्र २१ हजार, दुसरी २२ हजार. पहिलीला कार्डावरची रात्र आणि वर ६ हजार पॉइंट घातले, दुसरी पूर्ण पॉइंटांवर. दोन्ही मिळून खात्यातले २८ हजार गेले. माझ्या बुकिंगला खोलीवर वेगळा कर लागला नाही.

इथपर्यंत सगळं सरळ. पुढचं मला कुणी सांगितलं नव्हतं, ते सांगतो.

आपली महालक्ष्मी एक्स्प्रेस सकाळी मुंबईत पोचवते आणि हॉटेलात चेक-इन दुपारी तीनला. म्हणजे सत्तरीतले दोन जण, तीन बॅगा, एक भडंगाची पिशवी आणि मधले सात-आठ तास. बॅगा काउंटरवर ठेवून घेतात, त्याला पैसे लागत नाहीत. पण आईला अंघोळ केल्याशिवाय चहा चालत नाही हे पॉइंटांच्या हिशेबात कुठं बसवणार? त्या लोकांनी खालच्या स्विमिंग पूलजवळची चेंजिंग रूम उघडून दिली. आई तिथून केस पुसत बाहेर आली ती म्हणाली, ‘आपल्या घरातल्या हॉलपेक्षा मोठी हाय रे मोरी.’ खोली साडेबाराला मिळाली, ती नशिबानं.

मग माझ्याकडचं कार्ड. क्रेडिट कार्ड विसरून आलो होतो, म्हणून डेबिट कार्ड दिलं. खोली पॉइंटांवर असली तरी जेवण, लॉन्ड्री वगैरेसाठी ते काही रक्कम अडकवून ठेवतात. माझे १० हजार अडकले आणि खात्यात परत यायला सहा दिवस लागले. क्रेडिट कार्डावर एवढं जाणवत नाही. डेबिटवर खिशातलेच पैसे अडकतात.

तिसरी भानगड माझ्याच चुकीची. दोन रात्री दोन प्रकारे घेतल्यामुळे कागदोपत्री ती दोन वेगळी बुकिंगं होती. पहिलं संपलं दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला आणि बाराच्या ठोक्याला किल्लीचं कार्ड बंद. आम्ही बाप-लेक खाली लॉबीत, आई वरच्या मजल्यावर बंद दारापुढं हातात प्रसादाचा पुडा घेऊन उभी. काउंटरवर सांगितल्यावर दोन मिनिटांत काम झालं. आल्या आल्या ‘दोन्ही बुकिंगं जोडून द्या’ एवढं म्हणायचं होतं, ते मी म्हटलं नाही.

हिशेब : कार्डाची फी ३,५४०. खोली दोघांची, मी तिसरा, म्हणून जादा पलंग २,५०० अधिक कर, दोन रात्रींचे ५,९००. नाश्ता पॉइंटात नव्हता. एकच दिवस तिघांनी केला, १,२०० माणशी, करासह ४,२४८. बेरीज १३,६८८. गाडीभाडं आणि टॅक्सी वेगळी.

विचारा काय विचारायचं ते.

शाहूपुरी ५वी गल्ली

नाद खुळा, भावा! काका-काकूंना शुभेच्छा. पण एक शंका विचारतो, राग मानू नको. बिल कंपनीनं भरलं आणि पॉइंट तुझ्या खात्यात, हे कसं? आमच्याकडं डिझेलच्या पावतीवरची कूपनंसुद्धा मालक मागून घेतात.

लेथवाल्याचा पोर

राग कसला. साखळीच्या नियमात पॉइंट सहसा राहणाऱ्या माणसाच्या नावावर जातात, बिल कंपनीनं भरलं तरी. पण साखळीचा नियम आणि मालकाची मर्जी या दोन गोष्टी आहेत, म्हणून मी मालकांना तोंडावर विचारलं होतं. ते म्हणाले, ‘बिल माझं असलं तरी झोपमोड तुझी झालीय, घे. पण पॉइंटांपायी साडेचार हजाराच्या जागी साडेसातवालं हॉटेल धरलंस तर बघ.’ मला हे न्याय्य वाटलं. सगळ्या कंपन्या असं म्हणतीलच असं नाही, आपापल्या ठिकाणी विचारून घ्या.

हिशेबवही

आकडे मांडलेस हे बरं केलंस, नाहीतर असल्या धाग्यांवर फक्त खोलीचे फोटो असतात.

दुसऱ्या रात्रीचं बघू. १७,११० भागिले २२,००० म्हणजे पॉइंटामागे ७८ पैसे. कागदावर चांगला भाव. पण सतरा हजार रोख देऊन तू तिथं गेला असतास का? नसतास, हे तूच लिहिलंयस. मग तुझे सतरा हजार ‘वाचले’ असं धरता येत नाही. तुझ्या मनात त्या खोलीची जी किंमत होती, समज आठ हजार, तिनं भाग. ३६ पैसे येतात. मी माझ्या पॉइंटांना याच भावानं तोलतो आणि बहुतेक वेळा न वापरताच गप्प बसतो.

दुसरं, मॅरियटनं मार्च २०२२ पासून हॉटेलांचे ठरावीक पॉइंट-दर काढून टाकले. आता रोख दर वर-खाली होतो तसे पॉइंटही होतात. त्यामुळे ‘अमुक हॉटेल एवढ्या पॉइंटांत’ असं कुणी छातीठोक सांगितलं तर त्याची तारीख विचारा. ज्यांना ही डोकेदुखी नको त्यांनी टाटांची न्यूपास ही सभासद योजना बघावी. ताजमध्ये एक न्यूकॉइन (त्यांचा पॉइंट) म्हणजे एक रुपया. वर नाही, खाली नाही. लॉटरी लागत नाही पण फसगतही होत नाही.

आणि जीएसटी सगळीकडे १८ टक्के नसतो. सप्टेंबर २०२५ पासून रात्रीचा दर ७,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्याच्या वर १८. त्यामुळे ७,४०० च्या खोलीवर पॉइंट उडवू नका, ती रोखीनं घ्या. करासह ७,७७० पडेल.

लेथवाल्याचा पोर

३६ पैसे मान्य. पण तुमच्या वहीत ‘बाबा नको म्हणाले नाहीत’ याचा रकाना कुठं आहे, हिशेबवही?

हिशेबवही

तो रकाना नाही. पुढच्या वर्षीच्या वहीत छापून घेतो.

मंगळवार पेठेतली मावशी

बाळा, वाचून बरं वाटलं. मला पैशाचं कळत नाही, मी वेगळंच विचारते. माझे दोन्ही गुडघे गेलेत. असल्या हॉटेलात अंघोळीचा टब असतो ना? आमच्या भाच्यानं एकदा नेलं होतं, टबाची कड ओलांडताना मी असली घसरले की त्यानंतर दोन दिवस अंग पुसूनच काढले. तुझ्या आईनं काय केलं?

लेथवाल्याचा पोर

मावशी, बरं विचारलंत. आईचंही तेच दुखणं. बुकिंग करताना ‘टब नको, सपाट जागेचा शॉवर हवा’ असं लिहिलं होतं आणि दोन दिवस आधी फोन करून पुन्हा सांगितलं. मिळाली तशी खोली. आईनं वर प्लास्टिकचं स्टूल मागितलं, तेही आलं. फक्त बादली-तांब्या नव्हता. ती मागितल्यावर जो मुलगा आला तो निपाणीचा निघाला. दहा मिनिटांत बादली आली आणि आईची अर्धी मुंबई वसूल झाली.

फ्रंटडेस्क पुणे

मी मूळचा कागलचा, पुण्यात एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला आहे. कुठल्या ते लिहीत नाही. आमच्या बाजूनं दिसतं ते सांगतो.

पॉइंटांवर आलेला पाहुणा म्हणजे फुकट्या, असं आम्ही धरत नाही. त्याच्या रात्रीचे पैसे हॉटेलला साखळीकडून मिळतात. भरलेल्या दिवशी जास्त, रिकाम्या दिवशी कमी, एवढाच फरक. त्यामुळे ओशाळून उभं राहू नका, हवं ते मागा.

बुकिंग साखळीच्या स्वतःच्या अॅपवरून किंवा साइटवरून करा. बाहेरच्या ट्रॅव्हल अॅपवरून घेतलंत तर सहसा पॉइंट मिळत नाहीत आणि तुमचं सिल्व्हर-गोल्डही (सभासदाचा दर्जा, म्हणजे स्टेटस) मोजलं जात नाही. लोक पाचशे रुपये वाचवून येतात आणि काउंटरवर ‘माझं स्टेटस बघा’ म्हणून वाद घालतात.

सकाळी लवकर पोचणार असाल तर गाडीचं नाव आणि वेळ आदल्या दिवशी कळवा. आदल्या रात्री हॉटेल किती भरलं होतं त्यावर सगळं ठरतं. शनिवारी सकाळी खोली मिळणं अवघड, सोमवारी सोपं. लग्नसराईत तर देव आला तरी तीनच वाजता.

कागद : प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही. म्हातारी माणसं आधार घरी ठेवून येतात आणि मग नातू व्हॉट्सअॅपवर फोटो मागवत बसतो.

आणि दोन बुकिंगं जोडायचं दादांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं. आम्ही बघतो, पण गर्दीत सुटतं. तुम्हीच सांगा.

कट्ट्यावरचा

सगळं वाचलं. तेरा हजार सातशे रुपये, वर गाडीभाडं, वर टॅक्सी. एवढ्यात इथंच कावळा नाक्यावर मोठ्या हॉटेलात दोन रात्री राहून, संध्याकाळी रंकाळ्यावर फिरून, रात्री तांबडा-पांढरा ओरपून, सकाळी स्वतःच्या घरी अंघोळ झाली असती. चारशे किलोमीटर जाऊन बादली मागायची?

आणि बाटलीबंद पाण्याचं काय? तिथं वीसची बाटली दीडशेला देतात असं ऐकलंय. ग्राहक मंचात जावं असलं काम आहे.

हिशेबवही

कट्ट्यावरचे, मंचात हराल. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की हॉटेल-रेस्टॉरंटवाले बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त घेऊ शकतात, कारण ते नुसती बाटली विकत नाहीत, बसायला जागा आणि सेवाही देतात. खोलीत ठेवलेल्या दोन बाटल्या बहुतेक ठिकाणी बिनपैशाच्या असतात, त्या आधी संपवा.

बिलावर ‘सर्व्हिस चार्ज’ दिसला तर मात्र बोला. तो सक्तीचा नाही. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या सूचना दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये कायम ठेवल्या. काढा म्हटलं की काढतात, बहुतेक वेळा चेहरा न पाडता.

लेथवाल्याचा पोर

कट्ट्यावरचे, तुमचं निम्मं खरं आहे. इथं राहिलो असतो तर बाबा रात्री अकराला ‘जरा घराचं कुलूप बघून येतो’ म्हणून निघून गेले असते आणि परत आले नसते. त्यांना गावाबाहेर काढायचं होतं, हाच निम्मा मुद्दा होता.

पन्हाळ्याचं धुकं

माझं लग्न मार्गशीर्षात आहे. पुण्यात मॅरियटच्याच साखळीतलं रिट्झ-कार्लटन पॉइंटांवर घ्यायचा विचार चाललाय, दोन रात्री. मित्राकडे मॅरियटचं प्लॅटिनम स्टेटस आहे, तो म्हणतो बुक करून देतो, लाउंजही (खास पाहुण्यांचा खाण्या-बसण्याचा कक्ष) मिळेल. खरं का?

फ्रंटडेस्क पुणे

अभिनंदन! मित्राच्या नावावर लाउंज नाही मिळणार. स्टेटसचे फायदे तो स्वतः राहिला तर त्याला, आणि मधुचंद्राला त्याला बरोबर न्यावं असं मी सुचवणार नाही. शिवाय त्या ब्रँडमध्ये प्लॅटिनमलाही क्लब लाउंज आपोआप नसतो, तो वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो. हे बऱ्याच जणांना काउंटरवर कळतं.

मित्र पॉइंट देऊन तुमच्या नावानं रात्र घेऊ शकतो, पण पाहुणा म्हणून तुमचं नाव बुकिंगवर चढलंय का ते आधीच बघा.

हिशेबवही

आणि सुट्टी मोठी असेल तर पाच रात्री सलग घ्या. मॅरियटमध्ये पाच रात्री पॉइंटांवर घेतल्या तर चारचेच पॉइंट जातात. हिल्टनमध्येही आहे, पण तिथं किमान सिल्व्हर लागतं. कार्डावरची रात्र मात्र या पाचात मोजत नाहीत. त्या रात्रीला मुदतही असते आणि मुदतीच्या आत प्रत्यक्ष राहायचं असतं, नुसतं बुकिंग करून भागत नाही. माझी एक अशीच गेलीय, म्हणून सांगतो.

शाहूपुरी ५वी गल्ली

हिशेबवहीची रात्र बुडाली?! आज संध्याकाळी पेढे.

मंगळवार पेठेतली मावशी

मुंबईत कुठं कुठं नेलंस रे त्यांना? ताज बघितलं का बाहेरून? आमचे हे सांगायचे, गेटवे आधी बांधलं आणि मग त्याच्यासमोर ताज.

लेथवाल्याचा पोर

मावशी, उलटं आहे ते. ताज १९०३ चं, गेटवे पूर्ण झालं १९२४ ला. बोटीतून येणाऱ्याला वीस वर्षं आधी हॉटेलच दिसायचं. आईला समोर उभं करून फोटो काढला. आत गेलो नाही, बाबा म्हणाले आपलं हॉटेल आपल्याला हाय.

बाबांची मागणी एकच होती : गिरगावात खेतवाडी. ६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले ते खेतवाडीत. बाबा भुदरगडातल्या खेड्यातून आठवीला कोल्हापुरात आले ते महाराजांनी सुरू केलेल्या बोर्डिंगात राहून शिकले. ट्रंकेवर नाव, भिंतीला वळकटी, एका खोलीत अकरा पोरं. ‘बोर्डिंग नसतं तर लेथ न्हाई, लेथ नसता तर तू न्हाईस,’ हे मी लहानपणापासून ऐकतोय. गल्लीत शिरल्यावर त्यांनी चपला काढल्या. कुठल्या घरापुढं काढाव्यात ते त्यांनाही नक्की ठाऊक नव्हतं. दोन मिनिटं थांबले, चपला घातल्या आणि उसाचा रस प्यायला चला म्हणाले.

कट्ट्यावरचा

हे आधी लिहायचं होतंस की. मग मी बादलीवरून बोललो नसतो.

शाहूपुरी ५वी गल्ली

काकांना हॉटेल कसं वाटलं ते राहिलंच.

लेथवाल्याचा पोर

पहिला अर्धा तास तपासणी. बाथरूममधला नळ नखानं वाजवून बघितला. ‘पितळ न्हवं ह्ये. झिंक हाय, वर क्रोम मारलाय.’ मग लॉबीतलं फिरतं दार. तीन फेऱ्या मारल्या, दरवान बघत राहिला. त्याला म्हणाले, ‘बेअरिंग चांगलं हाय, आवाज न्हाई.’ तो बिचारा थँक्यू सर म्हणाला. नाश्त्याला मिसळ ठेवली होती. ती त्यांनी दुरून बघितली, झाकण परत ठेवलं आणि इडली घेतली.

झोप मात्र लागली. पडदे ओढले की दिवस कळत नाही, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदा साडेआठला उठले आणि दिवसभर त्याचंच अपराधीपण वागवत होते.

खोलीतल्या पांढऱ्या सपाता घरी आणल्या. न्यायच्या असतात हे मी तीनदा सांगितलं, तरी काउंटरवर विचारून आले. आता त्या घालून सकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर जातात. म्हशीच्या धारेखाली पांढऱ्या सपाता, तुम्हीच बघा. आई रोज धुऊन वाळत घालते. काल संध्याकाळी विचारत होते, खात्यात किती उरलेत. १३ हजार म्हटलं. ‘आणि बुडायचे कधी?’

तारीख काय सांगू, कुणीतरी सुचवा.

हिशेबवही

दिवाळीच्या आधीची सांग. नोव्हेंबरात पुण्याचे दर बघून ठेवतो.